तापाचा तक्ता

ताप हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तरीसुद्धा घरात कोणाचे अंग कढत लागले की पहिला हात जातो तो गोळ्यांच्या डब्याकडे. गोळी पोटात गेली, घाम आला, कपाळ गार पडले की सारे घर सुटकेचा श्वास टाकते. ताप कशाने आला होता, हे विचारायचे मात्र राहून जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या ठोक्याला तोच पाहुणा पुन्हा दारात उभा!

जुने डॉक्टर अशा वेळी तक्ता मांडायला सांगत. दर चार तासांनी ताप पाहा, कागदावर लिहा, मग आपण बोलू. त्या कागदावरच्या रेघेचा चढउतार पाहून हा हिवताप की विषमज्वर, याचा अदमास ते बांधीत. आता रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि तो तक्ता अडगळीत गेला. पण ही विद्या अगदीच वाया गेलेली नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या मामांच्या मोटारीला ताप भरला, तेव्हा तिचा उपयोग किती आहे हे मला पाहायला मिळाले.

मोटारीला ताप, हे वाचून हसू नका. तापलेल्या इंजिनाने किती संसारांची तोंडे एकमेकांविरुद्ध झाली असतील याची गणती नाही. आणि मामांची मोटार साधीसुधी नव्हती. ती होती एम. जी. टी. डी.; उघड्या टपाची, दोनच माणसांची, पुढे लांबलचक नाक आणि दोन्ही बाजूंनी फुलपाखराच्या पंखांसारखे उघडणारे बॉनेट असलेली. १९५० ते १९५३ या काळात इंग्लंडात ॲबिंग्डन येथे या गाड्या तयार होत. बांधकाम खात्यात जन्मभर दुसऱ्यांचे पूल मोजलेल्या मामांनी निवृत्तीच्या पैशातला एक चांगला जाडजूड तुकडा मोडून ती घेतली. मामी एवढेच म्हणाल्या, "अहो, दोनच माणसांची आहे ना? मग बरं झालं. गावभर कोणाला सोडायला जायला नको."

या गाडीत एक गोम होती. तिचे मूळचे १२५० सी. सी.चे इंजिन कधीकाळी निकामी झाले होते आणि पूर्वीच्या कोणा मालकाने त्या जागी चक्क अम्बॅसेडरचे १४८९ सी. सी.चे इंजिन बसवले होते. जातिवंत शौकीन माणसे हे ऐकून नाक मुरडतात. त्यांना ती घोड्याच्या धडावर बैलाचे काळीज बसवल्यासारखी गोष्ट वाटते. पण घराण्याची वंशावळ काढून पाहिली तर राग निवावा. एम. जी. ही अक्षरे मुळी 'मॉरिस गॅरेजेस'ची. ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिसचे ते दुकान. आपली अम्बॅसेडर म्हणजे त्याच मॉरिस घराण्यातल्या 'मॉरिस ऑक्सफर्ड'ची १९५७ साली बंगालात उत्तरपाड्याला रुजलेली आणि २०१४ पर्यंत तग धरून राहिलेली फांदी. शिवाय टी. मालिकेच्या पाठोपाठ १९५५ साली एम. जी.ने जी 'एम. जी. ए.' काढली, तिच्यात अम्बॅसेडरच्याच जातकुळीचे १४८९ सी. सी.चे इंजिन होते. म्हणजे मामांच्या गाडीत आलेला पाहुणा परका नव्हता, चांगला चुलतभाऊ होता. घराणे एक, गोत्र एक. भांडण मग कुठे होते?

भांडण दिसले ते दिवे घाटात. मामा राहतात हडपसरच्या बाजूला. गाडी आल्यापासून दुसऱ्याच आठवड्यात ते मामींना घेऊन सासवडला निघाले. वडकी सोडून घाटाला लागताच तापमानाचा काटा चढू लागला आणि मस्तानी तलाव खाली दिसू लागेपर्यंत नाकातून वाफा येऊ लागल्या. गाडी कडेला घेतली. मागून आलेल्या टेम्पोतला एक मदतनीस पोरगा उतरला आणि उत्साहाने फडके घेऊन रेडिएटरचे झाकण फिरवायला धावला. मामी केवढ्या तरी मोठ्याने ओरडल्या, "हात लावू नकोस! कुकरचं झाकण वाफेवर उघडतात का?"

पोराचा हात त्या ओरडण्याने वाचला. मामींची उपमा शास्त्रदृष्ट्या अगदी बिनचूक होती. रेडिएटरचे झाकण हे कुकरच्याच तत्त्वावर चालते. ते आतल्या पाण्यावर दाब धरून ठेवते, म्हणून पाणी नेहमीच्या अंशांवर उकळत नाही. मामांच्या गाडीचे झाकण होते ७ पौंडांचे. त्याखाली पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत न उकळता राहते. झाकण उघडले की दाब जातो आणि ते सारे पाणी एका क्षणात उकळून कारंज्यासारखे तोंडावर येते. अर्धा-पाऊण तास थांबणे, हाच तिथे एकमेव इलाज. ज्यांच्या घरी कोणतीही मोटार आहे त्यांनी एवढे एक वाक्य जरी या लेखातून उचलले तरी माझी शाई सार्थकी लागली.

त्या दिवसापासून घरात सल्ल्यांना पूर आला. पहिल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून, मान हलवून सांगितले, "हेड उतरवावं लागेल. गॅस्केट गेलं असणार. उघडलंच आहे तर बोअरिंगही करून घ्या." खर्चाचा आकडा ऐकून मामांनी चष्मा पुसला. परदेशातल्या मुलाचा फोन आला, "बाबा, हौस झाली ना? आता विकून टाका." एक व्यापारीही येऊन गेला आणि ज्या किमतीला गाडी घेतली तिच्या निम्मी किंमत बोलून गेला, तापणारी गाडी कोण घेणार, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मामांजवळ वेळही फार नव्हता. इंजिन वारंवार असे तापू दिले तर हेड खरोखरच वाकते आणि गॅस्केट खरोखरच जाते. आज जी शंका आहे तिचे उद्या वास्तव होते. मामा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. निवृत्त माणसाची एक हौस फसली की ती नुसती हौस राहत नाही, "आता या वयात..." या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये घरात वाढू लागतात.

मामींनी मला बोलावले ते मी मोटारीतला जाणकार म्हणून नव्हे. माझ्याजवळ वही-पेन्सिल असते आणि मला सुट्टी होती, एवढीच माझी पात्रता. ओळखीतले एक वृद्ध मिस्त्री यायला तयार झाले. त्यांनी गाडीला हात लावण्याआधीच विचारले, "तापते म्हणता, पण केव्हा तापते? उभी असताना, हळू चालताना, की पळताना?" कोणालाच नीट सांगता येईना. ते म्हणाले, "मग आधी ते लिहून काढा. तोवर मी पान्याला हात लावत नाही."

तापलेल्या इंजिनाची चिकित्सा ही पाच प्रश्नांची असते, असे त्यांनी मला समजावले. काटा खरे बोलतो का? पाणी पुरेसे आहे का? ते फिरते का? त्याला वारा लागतो का? आणि इंजिन मुळातच वाजवीपेक्षा जास्त उष्णता काढते का? यांतल्या प्रत्येक दोषाचा ताप निरनिराळ्या वेळी चढतो. सिग्नलपाशी उभी असता तापते आणि धावू लागताच निवते, तर संशय पंख्यावर. वेगाने धावताना तापते, तर संशय पाण्याच्या वाटेवर. रेडिएटरच्या नळ्या चोंदल्या असतील, किंवा खालची रबरी नळी मऊ पडून पंपाच्या ओढीने चिमटली जात असेल. थंडगार इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुड्यांची रांग लागली, तर गॅस्केट. ठिणगी मागे पडली असेल, तर गाडी तापते आणि जोडीला ओढही मंद होते.

सुरुवात साक्षीदारापासून झाली. गाडीच्या शेडमध्ये स्टोव्ह पेटवून पातेल्यात पाणी उकळत ठेवले आणि तापमापकाचा बल्ब त्यात सोडला. काटा ९८ वर जाऊन थांबला. मामा म्हणाले, "दोन अंश कमी दाखवतोय." मिस्त्री हसले. "साहेब, पुणं समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच आहे. इथं पाणी ९८ लाच उकळतं." साक्षीदार खरा निघाला. त्याच पातेल्यात थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून सोडला. पाणी ठरावीक अंशापर्यंत तापले की उघडणारी ती छोटी खिडकी. तीही ८२ अंशांच्या सुमारास निमूटपणे उघडली. सकाळी थंड इंजिन झाकण काढून सुरू केले, बुडबुडा नाही. तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेलात पाणी मिसळले की येतो तो दुधाळ चहाचा रंग नाही. म्हणजे ज्याच्या नावावर एवढ्या मोठ्या खर्चाचे वॉरंट निघाले होते ते हेड निर्दोष! खालची नळी धड होती, ठिणगी वेळेवर पडत होती, पाणी फिरत होते. पंखाही चांगला घरघरत होता.

हा पंखा विजेचा होता. अम्बॅसेडरचा मूळचा पट्ट्यावर फिरणारा पंखा या अरुंद नाकात मावला नसावा, म्हणून कोणीतरी तो काढून रेडिएटरच्या मागे विजेचा पंखा लावला होता. पाणी ९० अंशांवर गेले की तो आपोआप सुरू होई, आणि शिवाय हाताने चालू-बंद करण्याचे बटणही होते.

मग आम्ही तक्ता मांडला. पहाटे रहदारी नसताना हडपसर ते वडकी असा सपाट रस्ता. मामा चालवीत, मी शेजारी वही घेऊन. दर दोन मिनिटांनी वेळ, वेग, काटा आणि पंखा अशा चार रकान्यांत नोंद. तीन सकाळी हा उद्योग चालला. तक्ता तयार झाला आणि मिस्त्री कोड्यात पडले. कारण हा ताप कोणत्याच जातीचा नव्हता. गाडी उभी केली की काटा सावकाश का होईना, पण उतरे. ताशी ६० च्या वर पळवली तरीही उतरे. चढे तो नेमका मधल्या वेगाला, ३०-४० च्या चालीत. आणि दिवे घाटात तर गाडी चढताना याच चालीने जाते!

ती वही चहाच्या टेबलावर पडली होती. मामींनी चष्मा लावून ती वाचली, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "अहो, मला मोटारीतलं कळत नाही. पण जिथं जिथं 'पंखा चालू' लिहिलंय, तिथून पुढं काटा वर जातोय. हा पंखा वारा घालतोय की वारा अडवतोय?"

कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच रस्त्यावर, त्याच ४० च्या वेगाने गाडी दोनदा नेली. पहिल्या खेपेस बटण बंद, दुसऱ्या खेपेस चालू. बंद असताना काटा ८६ वर स्वस्थ बसून राहिला. चालू केल्यावर ९७!

घरी आल्यावर मिस्त्रींनी माझ्या पिशवीतून एका जुन्या प्रश्नपत्रिकेचा कागद मागून घेतला आणि पंखा चालू करून तो रेडिएटरच्या जाळीसमोर धरला. पंख्याने समोरची हवा आत ओढायची असते, तेव्हा कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो फडफडला आणि हातातून सुटून अंगणात जाऊन पडला. पंखा उलटा फिरत होता.

आता साऱ्या तक्त्याचा अर्थ लागला. गाडी उभी असताना उलटा का होईना, पण थोडा वारा रेडिएटरला मिळत होता. वेगात धावताना समोरचा वारा पंख्याला रेटून आत घुसत होता. पण मधल्या चालीला समोरून येणारा वारा आणि आतून बाहेर ढकलणारा पंखा बरोबरीने झुंजत, आणि दोघांच्या झुंजीत रेडिएटरला वारा लागेनासा होई.

पंखा उलटा का फिरावा? त्याचा उलगडा करताना मामांना एक जुनी गोष्ट आठवली. गाडीतला अँपिअर मीटर पहिल्या दिवसापासून उफराटा चाले. बॅटरी भरत असली की 'रिकामी होते' म्हणून दाखवी. जुना झाला असेल म्हणून सर्वांनीच त्याच्याकडे काणाडोळा केला होता. मिस्त्रींनी मात्र तो ऐकताच मांडीवर थाप मारली. त्या काळच्या बहुतेक इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे. आजच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. विजेचा पंखा बसवला तेव्हा गाडी जुन्या पद्धतीची असणार. पुढे कोणीतरी जुना डायनामो काढून आल्टर्नेटर बसवला. त्याला ऋण टोक अंगाला लागते, म्हणून बॅटरीच्या तारा उलट केल्या. दिवे पेटले, भोंगा वाजला, गाडी सुरू झाली; काम फत्ते! दिव्याच्या तारेला वीज कोणत्या बाजूने आली याची पर्वा नसते, आणि भोंग्यालाही नसते. कायम चुंबकावर चालणाऱ्या छोट्या मोटरला मात्र असते. वीज उलटी आली की ती उलटी फिरते. अँपिअर मीटर बिचारा तेच सांगत होता.

मिस्त्रींनी पंख्याच्या दोन तारांची अदलाबदल केली, मीटरच्याही केल्या. चिकटपट्टी गुंडाळण्यासकट अर्धा तास लागला. या कामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मामींचे पोहे घेतले. पुढल्या रविवारी गाडी दिवे घाट एका दमात चढली. शेवटच्या वळणावर काटा ९२ पर्यंत गेला, पंखा सुरू झाला आणि वर पोचेपर्यंत तो ८७ वर आला. मामा-मामी सासवडला पोचल्याचा फोन आला तेव्हा मामांनी काट्याचे आकडे सांगितले आणि मामींनी अंजिरांचा भाव.

मला या प्रकरणात गंमत वाटते ती ही, की गाडीत कोणीच काही वाईट केलेले नव्हते. इंजिन बसवणाऱ्याने घराण्यातलेच इंजिन निवडले. पंखा लावणाऱ्याने योग्य जागी लावला. आल्टर्नेटर बसवणाऱ्याचाही हेतू चोख. तिघेही आपापल्या जागी शहाणे. फक्त तिसऱ्याने दुसऱ्याचे काम विचारले नाही आणि दुसऱ्याने ते कुठे लिहून ठेवले नव्हते. बदललेल्या वस्तूतला दोष बहुधा वस्तूत सापडत नाही. दोन बदल जिथे एकमेकांना भेटतात त्या सांध्यात तो दडून बसतो, आणि आपण मात्र मोठ्या खर्चाची मोठी वस्तू उघडायला निघतो.

मराठी शिकवणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरल्या गेल्या. प्रत्येक नकलाकाराने आपल्या परीने शब्द सोपा केला, ओवी सावरली. तीनशे वर्षांत पाठ इतके बदलले की नाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. कोणत्याही नकलाकाराला ग्रंथ बिघडवायचा नव्हता. प्रत्येकाने फक्त आपल्यापुरती ओळ पाहिली. नाथांनी आपले काम संपवल्यावर एक गोष्ट केली, ती मला फार मोलाची वाटते: आपण हे केव्हा केले आणि कशासाठी केले, हे त्यांनी ग्रंथाच्या शेवटी लिहून ठेवले, आणि पुढच्यांनी यात भर घालू नये असेही बजावले.

मोटारीच्या बाबतीत भर घालू नका, असे कोणाला सांगता येणार नाही. सत्तर वर्षांच्या गाडीला बदलावाचून गती नाही, आणि घरांनाही नाही. जुन्या वाड्यात नवी मोरी येते, आजीच्या कपाटाला नवे कुलूप लागते, सून येते, जावई येतो. बदल करणाऱ्याने एवढेच करावे, की आपण काय बदलले ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे आणि आधीच्या बदलाला एकदा विचारून घ्यावे, "बाबा रे, माझ्यामुळे तू उलटा तर फिरणार नाहीस ना?"

त्या टी. डी.च्या बॉनेटखाली हत्यारांची एक लहानशी पेटी असते. मामांनी तिच्यात आता बांधकाम खात्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेला एक कागद घालून ठेवला आहे. इंजिन कोणते, पंखा कोणता, तार कोणती कुठे आणि केव्हा उलटवली. खाली मामींच्या अक्षरात एक ओळ आहे: झाकण गरम असताना उघडू नये. गाडीचा पुढचा धनी कोण असेल ते कोणास ठाऊक. पण त्याची गाडी तापली, तर त्याला हेड उतरवण्याआधी वाचायला काहीतरी असेल.